डालीची सैल वायर आणि आपला पीएमएस

इंजिन रूममध्ये काम केलेल्या माणसाला २६ मार्च २०२४ ची ती क्लिप नीट बघवत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाकडे 'डाली' नावाचं एक मोठं कंटेनर जहाज येतंय, त्याचे सगळे लाइट जातात, परत येतात, परत जातात, फनेलमधून काळा धूर निघतो आणि मग अख्खा पूल खाली बसतो. बाकीच्यांना त्यात पूल पडताना दिसतो, आम्हाला आधी ते लाइट दिसतात. कारण लाइट गेले म्हणजे खाली कंट्रोल रूममध्ये काय झालं असेल ते लगेच डोळ्यासमोर येतं, एकदम झालेली शांतता, मग अलार्मचा गोंगाट, टॉर्च शोधणारे हात, कोणीतरी स्विचबोर्डकडे धावतोय, कोणीतरी फोन उचलून ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीला, उत्तर देतोय.

त्या रात्री पुलावर आठ माणसं होती, सात जणांची टीम आणि एक इन्स्पेक्टर. रस्त्यातले खड्डे बुजवायचं काम चालू होतं. त्यातले सहा जण गेले, सगळे मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर इकडून पोटापाण्यासाठी आलेले. म्हणजे तीही मेंटेनन्सचीच माणसं, नाइट शिफ्टवरची. हे मला विसरता येत नाही म्हणून सुरुवातीलाच लिहितोय.

अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने, म्हणजे एनटीएसबीने, नोव्हेंबर २०२५ मध्ये आपला निष्कर्ष सांगितला. कारण निघालं एक सैल सिग्नल वायर. लाखभर टनांचं जहाज, जवळपास तीनशे मीटर लांब, २०१५ साली कोरियात बांधलेलं, आणि सगळं सुरू झालं ते टर्मिनल ब्लॉकमध्ये पूर्ण न बसलेल्या एका वायरपासून. मी बरीच वर्षं जहाजांवर पीएमएस, म्हणजे देखभालीची सिस्टीम, वापरतोय, आता त्याचे डेटाबेसही तपासतो, त्यामुळे माझ्यासाठी हे प्रकरण पुलाइतकंच मेंटेनन्सच्या सॉफ्टवेअरचंही आहे. डालीच्या निमित्ताने आपला पीएमएस नक्की काय बघतो आणि काय बघत नाही, ते मांडायचंय.

ज्यांचा जहाजाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीएमएस म्हणजे प्लॅन्ड मेंटेनन्स सिस्टीम. आधी हे सगळं कार्डांवर असायचं, कार्डेक्सचे ट्रे असायचे, मशीनप्रमाणे एकेक कार्ड, केलं की तारीख टाकायची सही करायची. आता कॉम्प्युटर आहे. जहाजावरच्या प्रत्येक पंपाचं, मोटरचं, व्हॉल्व्हचं त्यात नाव असतं, त्याखाली जॉब असतात, काही कॅलेंडरवर चालतात म्हणजे दर महिन्याला दर वर्षाला, काही रनिंग आवर्सवर, म्हणजे जनरेटर इतके तास चालला की इंजेक्टर काढा इतके तास चालला की पिस्टन काढा. स्पेअर किती शिल्लक, काय मागवायचं, तेही त्याच्यातच. आयएसएम कोड म्हणजे जहाजं सुरक्षित चालवायचे आंतरराष्ट्रीय नियम, त्याच्या दहाव्या भागात जहाजाची देखभाल कशी हवी ते दिलंय आणि ज्या मशिनरीने अचानक बंद पडून धोका होऊ शकतो ती कंपनीने ओळखून ठेवायची, स्टँडबाय मशिनरी नियमित टेस्ट करायची असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. हा कोड टँकर, बल्क कॅरियर आणि प्रवासी जहाजांना १९९८ पासून आणि कंटेनरसकट बाकीच्यांना २००२ पासून बंधनकारक आहे. म्हणजे नियम कमी पडला असं कोणी म्हणू नये.

आता त्या रात्रीची वीज कशी होती ते बघू, कारण तिथेच सगळं आहे. डालीवर चार डिझेल जनरेटर, ते हाय व्होल्टेज बसला, म्हणजे वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीला, ६६०० व्होल्टची वीज देणार. पण पंप, लाइट, स्टिअरिंग हे सगळं चालतं कमी व्होल्टेजवर, त्यामुळे मधे ट्रान्सफॉर्मर. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर डीपी असतो ना तसंच समजा, वरून मोठी लाइन येते आणि डीपीतून आपल्या घरात. डालीवर असे दोन डीपी होते, ट्रान्सफॉर्मर एक आणि ट्रान्सफॉर्मर दोन, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक ब्रेकर. पहिल्या ट्रान्सफॉर्मरचे ब्रेकर एचआर१ आणि एलआर१, दुसऱ्याचे एचआर२ आणि एलआर२. एका वेळी एकच डीपी चालू, दुसरा राखीव.

जहाज मध्यरात्रीनंतर कोलंबोला जायला निघालं. साधारण १ वाजून २५ मिनिटांनी, पूल एक किलोमीटरच्या आसपास राहिलेला असताना एचआर१ आणि एलआर१ अचानक ट्रिप झाले. जनरेटर चालूच होते, पण डीपीच तुटला म्हटल्यावर खालच्या बाजूला अंधार. स्टिअरिंगचे पंप गेले, मेन इंजिनच्या कूलिंग पाण्याचा पंप गेला, पाण्याचं प्रेशर गेलं म्हणून मेन इंजिन आपोआप बंद झालं. इमर्जन्सी जनरेटरवर स्टिअरिंगचा एक पंप चालतो खरा, पण प्रोपेलर फिरत नसेल तर सुकाणूवर पाणी येत नाही आणि एवढं धूड नुसत्या सुकाणूने वळत नाही. खालच्या पोरांनी जवळपास मिनिटाभरात हाताने ब्रेकर टाकून वीज परत आणली. एनटीएसबीनेही मान्य केलंय की क्रूने वेळेत हालचाल केली. आणि मग पुलाच्या अगदी जवळ दुसरा ब्लॅकआउट, यावेळी जनरेटरच ग्रिडवरून पडले, कारण त्यांना डिझेलचं प्रेशर मिळत नव्हतं. त्यातूनही वीज परत आणली, पण मेन इंजिन सुरू करायला वेळच उरला नाही. पायलटने, म्हणजे जहाज बंदरातून बाहेर न्यायला चढलेल्या स्थानिक जाणकाराने, दरम्यान मेसेज दिला, पोलिसांनी पुलावरची वाहनं थांबवली, त्यामुळे कितीतरी जीव वाचले. १ वाजून २९ मिनिटांनी साडेसहा नॉटच्या आसपास वेगाने जहाज पिलरला धडकलं.

आता ती वायर. एचआर१ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये टर्मिनल ब्लॉकची रांग असते, बोटाच्या पेरापेक्षा बारीक बारीक कप्पे, प्रत्येकात एक वायर. आताच्या ब्लॉकला स्क्रू नसतो, आत स्प्रिंग असते, वायरच्या टोकाला धातूची छोटी टोपी, फेरूल म्हणतात तिला, ती आत ढकलायची आणि स्प्रिंग तिला पकडते. प्रत्येक वायरवर नंबराची पट्टी असते, प्लॅस्टिकची लेबल स्लीव्ह, म्हणजे कुठली वायर कुठे जाते ते कळावं म्हणून. त्या वायरवर ही पट्टी इतकी टोकाला आलेली होती की फेरूल आत पूर्ण शिरलंच नाही, पट्टीच ब्लॉकच्या तोंडाला अडली. स्प्रिंगने नीट पकडलं नाही. बाहेरून बघितलं तर वायर जागेवर, लेबल सरळ, सगळं नीटनेटकं. आणि या ब्रेकरचं असं असतं की त्याला बंद स्थितीत धरून ठेवणाऱ्या कॉइलला सतत वीज लागते, ती क्षणभर जरी तुटली तरी ब्रेकर सुरक्षेसाठी स्वतःहून उघडतो. म्हणजे तीनशे मीटरच्या जहाजाची वीज त्या क्षणाला एका अर्धवट बसलेल्या फेरूलवर लटकलेली होती.

एनटीएसबीच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी म्हणाल्या की ही वायर शोधणं म्हणजे आयफेल टॉवरमधला एक सैल रिव्हेट शोधण्यासारखं होतं. मला ते पटतं. जहाजावर मैलोन् मैल वायरिंग असतं, हजारो कनेक्शन असतात. एकटा इटीओ, म्हणजे जहाजाचा इलेक्ट्रिकल ऑफिसर, तो क्रेनच्या लिमिट स्विचपासून गॅलीतल्या ओव्हनपर्यंत सगळं बघणार, त्याने प्रत्येक वायर ओढून बघावी हे म्हणणं अन्याय आहे. पण इथेच थांबलो तर हे प्रकरण नशिबावर ढकलल्यासारखं होतं, आणि ते मला मान्य नाही, कारण वायरीच्या आजूबाजूच्या बाकीच्या गोष्टी आयफेल टॉवरमधल्या रिव्हेटसारख्या लपलेल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट. बाल्टिमोरच्या आधी कित्येक महिने ट्रान्सफॉर्मर दोन चालू होता आणि एक राखीव होता. २५ मार्चला बंदरात, म्हणजे निघायच्या साधारण दहा तास आधी, ब्लॅकआउट झाला, आणि त्या गडबडीत क्रूने ट्रान्सफॉर्मर दोनवरून एकवर बदल केला. म्हणजे जी वायर सैल होती ती ज्या ब्रेकरची, तो ब्रेकर महिनोन् महिने कामालाच नव्हता, आणि कामाला लागल्यावर दिवस पण पूर्ण झाला नाही. आता पीएमएसमध्ये बघा, जनरेटरला तासांचा काउंटर आहे, पंपाला आहे, कंप्रेसरला आहे. सेकंड इंजिनिअर दर महिन्याला तास भरतो आणि दोन पंपांचे तास सारखे राहावेत म्हणून आलटूनपालटून चालवतो. पण ट्रान्सफॉर्मरला काउंटर नाही, त्यात फिरणारं काही नाही, म्हणून तो वर्षभर एकाच बाजूला राहिला तरी स्क्रीनवर काहीच लाल होत नाही. मी जे डेटाबेस तपासलेत त्यातल्या बऱ्याचशांत ट्रान्सफॉर्मरखाली एकच जॉब सापडतो, वर्षातून एकदा साफ करा, इन्सुलेशन मोजा, कनेक्शन घट्ट आहेत का बघा. राखीव ट्रान्सफॉर्मरवर लोड टाकून दोन दिवस चालवा असा जॉब मला फार क्वचित दिसला. आयएसएममध्ये स्टँडबाय टेस्ट करा लिहिलंय तरी लोक त्याचा अर्थ पंप आणि जनरेटर एवढाच घेतात.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, फ्लशिंग पंप. जनरेटर तीन आणि चारला त्या रात्री डिझेल पुरवत होता एक फ्लशिंग पंप. नावातच आहे, लाइन धुवायचा पंप, इंधन बदलताना वापरायचा. नेहमीचे सप्लाय आणि बूस्टर पंप असे असतात की वीज जाऊन आली की ते आपोआप परत सुरू होतात, एक बिघडला तर दुसरा लागतो. फ्लशिंग पंपाला यातलं काहीच नाही, तो हाताने सुरू करावा लागतो. पहिल्या ब्लॅकआउटमध्ये तो बंद पडला तो बंदच राहिला, जनरेटरच्या लाइनमध्ये उरलेल्या प्रेशरवर थोडा वेळ निघाला आणि मग दुसरा ब्लॅकआउट. म्हणजे वायरने पहिला धक्का दिला पण दुसरा धक्का या पंपाने दिला.

एनटीएसबीने यावर कंपनीच्या देखरेखीतली उणीव म्हणून बोट ठेवलं. मी त्याला जोडून पीएमएसच्या बाजूने सांगतो. कुठल्याही जहाजावर फ्लशिंग पंप असा रोजच्या कामाला लावला तर दोन गोष्टी घडतात, त्याचे तास धडाधड वाढतात आणि त्याच वेळी सप्लाय पंपाचे तास जागच्या जागी राहतात. हे आकडे दर महिन्याला जहाजावरून ऑफिसला जातात. कोणी दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तर एका मिनिटात विचारेल की अरे हा पंप एवढा का चालतोय, त्याचं काम काय आहे? पण सॉफ्टवेअर हे आकडे कशासाठी घेतं, तर पुढचा जॉब कधी ड्यू होतो ते मोजायला. तास वाढले म्हणून बेअरिंग बदलायचा जॉब लवकर येईल, बेअरिंग बदललं जाईल, जॉब डन होईल आणि स्क्रीन हिरवी. पंप उत्तम स्थितीत, फक्त तो चुकीच्या जागी काम करतोय. मेंटेनन्सच्या नजरेने सगळं बरोबर आणि तरी जहाज धोक्यात. ऑफिसातून जहाजांवर देखरेख करणाऱ्या सुपरिंटेंडंट लोकांनी माझ्यावर रागवू नये पण ऑफिसमध्ये बघितली जाते ती ओव्हरड्यू, म्हणजे मुदत उलटलेल्या जॉबची लिस्ट, महिन्याच्या शेवटी किती टक्के. तासांचा तक्ता कोणी उघडत नाही.

तिसरी गोष्ट आदल्या दिवसाची. २५ तारखेला बंदरात एक नाही दोन ब्लॅकआउट झाले होते. पहिला झाला कारण स्क्रबरवर, म्हणजे धूर साफ करणाऱ्या यंत्रणेवर, काम करताना एकाने चुकून चालू जनरेटरच्या एक्झॉस्टचा डँपर, म्हणजे धुराच्या वाटेवरची झडप, बंद केला, जनरेटर गुदमरून बंद. असं होतं, माणूस आहे, चूक होते. तिथे जनरेटर तीन आपोआप सुरू झाला, ग्रिडवर आला आणि थोड्याच वेळात पडला, हा दुसरा ब्लॅकआउट. कशामुळे, तर डिझेलचं प्रेशर पुरेसं नव्हतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. पुलाजवळचा दुसरा ब्लॅकआउट ज्या कारणाने झाला तीच खूण धक्क्याला बांधलेल्या जहाजावर दहा तास आधी दिसून गेली होती.

अशा वेळी जहाजावर काय मनःस्थिती असते ते मी सांगू शकतो कारण मी ती अनुभवलीय, दुसऱ्या जहाजावर, वेगळ्या बंदरात. वीज परत आली, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, कार्गो चालू आहे, रात्री निघायचंय, पायलट बुक आहे, लोकांची झोप झालेली नाही. कारण सापडलं, डँपर, बस, विषय संपला. दुसऱ्या ब्लॅकआउटला वेगळं कारण आहे हे पहिल्या कारणाखाली दडून जातं. पीएमएसमध्ये बिनठरलेल्या कामासाठी वेगळा फॉर्म असतो, डिफेक्ट रिपोर्ट म्हणा अनप्लॅन्ड जॉब म्हणा, त्यात काय झालं, मूळ कारण काय, पुढे काय करणार असे रकाने असतात. पण तो फॉर्म भरला जातो काही तुटलं किंवा स्पेअर वापरलं तर. वीज गेली आणि आली, स्पेअर काही लागलं नाही, मग फॉर्म कशाला, लॉगबुकात एक ओळ बास. मी स्वतः तरुणपणी असं केलंय, ऑडिटच्या आदल्या रात्री चीफ इंजिनिअरने ओव्हरड्यू शून्य करा म्हटल्यावर रात्री दोनपर्यंत बसून एकामागून एक जॉब बंद केलेत आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य, चेक्ड अँड फाउंड इन ऑर्डर. त्यातले निम्मे जॉब मी खरंच केले होते. उरलेल्यांची अजून बोचणी आहे.

आणखी एक, ते दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांची जागा आपोआप घेऊ शकत होते. त्याचा सिलेक्टर मॅन्युअलवर होता. ऑटोवर असता तर पहिला पडताच काही सेकंदांत दुसऱ्यातून वीज आली असती, कोणाला पळत जावं लागलं नसतं. हा पीएमएसचा विषय नाही असं लोक म्हणतात, तो चेकलिस्टचा विषय, डिपार्चरच्या आधी ब्रिजवर आणि इंजिन रूममध्ये जी लिस्ट भरतात तिचा. माझं म्हणणं उलट आहे. चेकलिस्ट वेगळ्या फाइलमध्ये, पीएमएस वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, डिफेक्ट ईमेलमध्ये आणि ब्लॅकआउट लॉगबुकात, अशा चार जागी चार तुकडे ठेवले की कोणालाच पूर्ण चित्र दिसत नाही. चारही एकाच मशीनच्या नावाखाली दिसले पाहिजेत. आताची सॉफ्टवेअर हे करू शकतात, अडचण पैशाची नाहीच, डेटाबेस बनवताना कोणी तसा विचार करत नाही. बहुतेक वेळा तो सिस्टर शिपवरून, म्हणजे त्याच बनावटीच्या दुसऱ्या जहाजावरून, कॉपी होतो, कॉम्पोनंटचे कोड तेच, जॉबची भाषा तीच, आणि जी चूक एका जहाजावर असते ती त्याच्या सगळ्या बहिणींवर जाते.

एनटीएसबीच्या शिफारशींमध्ये इन्फ्रारेड थर्मल कॅमेऱ्याने इलेक्ट्रिकल पॅनेलची नियमित तपासणी हा मुद्दा आहे. चांगला आहे, सैल कनेक्शन गरम होतं आणि कॅमेऱ्यात पिवळं दिसतं, वायरींना हात न लावता. पण माझं मत असं की कंट्रोलच्या बारीक वायरीतून करंट फार थोडा जातो, ती किती तापणार, त्यामुळे फक्त कॅमेऱ्यावर भरवसा नको. सोबत हाताने हलकेच ओढून बघायचं. आणि कॅमेरा लोड असताना धरावा लागतो, राखीव पडलेल्या ट्रान्सफॉर्मरला कॅमेरा दाखवून काय उपयोग.

जहाजावर तेव्हा वीस भारतीय आणि एक श्रीलंकन खलाशी होते. अपघातानंतर ते कित्येक आठवडे त्याच जहाजावर अडकून होते, डेकवर पुलाचं लोखंड पडलेलं, तपासासाठी फोन जमा केलेले, घरच्यांशी धड बोलता येत नाही. जहाज हलवलं २० मे ला, मुख्य चॅनल पूर्ण उघडला १० जूनला. मुंबईत कॉम्पिटन्सीच्या परीक्षेला बसलेली पोरं तेव्हा एकमेकांना हेच विचारत होती की आपण तिथे असतो तर काय केलं असतं. त्या चार मिनिटांत फार काही करता आलं नसतं हे खरं उत्तर आहे. जे करायचं ते आधीच्या महिन्यांमध्ये होतं.

म्हणून मी माझ्याकडच्या जहाजांच्या डेटाबेसमध्ये काही जॉब बदलले. ट्रान्सफॉर्मर आणि मेन ब्रेकरला आता दर महिन्याला चेंजओव्हर आहे, बंदरात नाही, मोकळ्या समुद्रात, आणि तारखेबरोबर कुठला किती दिवस चालला तेही भरायचं. सप्लाय, बूस्टर आणि फ्लशिंग पंपाचे तास एकाच पानावर येतात आणि फ्लशिंगचे तास महिन्यात ठरावीक आकड्याच्या वर गेले की ऑफिसला मेसेज जातो, जॉब ड्यू झाला म्हणून नाही, का चालवला ते विचारायला. ब्लॅकआउट झाला, पाच सेकंदांचा जरी झाला, तरी त्याचा डिफेक्ट उघडायचा आणि प्रत्येक ब्लॅकआउटला स्वतंत्र नंबर, एका कारणाखाली दोन ढकलायचे नाहीत, कारण लिहिल्याशिवाय तो बंद होत नाही. चीफ लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली, पेपरवर्क वाढलं म्हणाले, आणि ते खरंही आहे, म्हणून मी दुसरीकडचे बिनकामाचे जॉब काढून टाकले. कॅबिनच्या पंख्यांचे वगैरे ढीगभर होते.

आणि स्विचबोर्डच्या जुन्या जॉबमध्ये एकच ओळ होती, कनेक्शन घट्ट आहेत का तपासा. ती काढून असं लिहिलं: पॅनेल डेड करून लॉक लावा. ब्रेकरच्या ट्रिप आणि क्लोजिंग सर्किटमधली प्रत्येक वायर ड्रॉइंग हातात घेऊन शोधा, ती टर्मिनलच्या बाहेर दोन बोटांत धरून हलकेच ओढा. लेबलची पट्टी आणि ब्लॉक यांच्यामध्ये फट दिसली पाहिजे, दिसत नसेल तर पट्टी मागे सरकवा, वायर काढून परत बसवा. पॅनेलचा फोटो जोडा. किती वायर ओढून बघितल्या तो आकडा लिहा.

मागच्या महिन्यात एका इटीओने हा जॉब पहिल्यांदा केला. आकडा भरला ६२. खाली लिहिलं, दोन सैल सापडल्या, दोन्ही परत बसवल्या, फोटो जोडलाय.